कवळीचे पहिले वाक्य

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी सकाळी ती टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्या बाईकडे बघून म्हणाली, "हिचा पुढचा एक दात बसवलेला आहे. रंग चुकलाय." आणि केस विंचरत राहिली. मी वर्तमानपत्रातून मान वर न काढता "हं" म्हटले. अशा वाक्यांना आमच्या घरात उत्तर द्यायची पद्धत नव्हती. आई कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. गुलाबी मेणाच्या कड्यात दात ओळीने बसवणे हे तिचे काम, आणि ते तिने इतकी वर्षे केले होते की माणसाचे नाव तिच्या लक्षात नंतर येई, दात आधी. नात्यातल्या एका लग्नात मुलाचे आजोबा चार शब्द बोलायला उभे राहिले, तेव्हा ती माझ्या कानाशी लागून म्हणाली होती, "वरची आमच्याकडची आहे. खालची कुणाची ते देव जाणे." मला हसू आवरेना, मावशीने डोळे वटारले, आणि आई शांतपणे आजोबांच्या तोंडाकडे बघत राहिली. ती विनोद करत नसे, निदान करत असे. त्या सकाळी मला सुट्टी होती. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते आणि परीक्षा संपल्या की आमच्याकडे माणूस फिरकत नाही. आईची कंबर धरली होती. चपलेचा पट्टा लावायला ती वाकली आणि अर्ध्यावरच थांबली, काहीतरी शोधत असल्यासारखी. "आज नको जाऊस," मी म्हणाले. "तू एक दिवस गेली नाहीस तर कोण मरणार आहे?" "मरत कोणी नाही. पण एक माणूस नुसतं पातळ पिऊन बसलाय. त्याचं तोंड माझ्याकडे अडकलंय." "दुसरी कोणी बसवेल की दात." "बसवेल ना. घोड्याला बसवल्यासारखे." मी पट्टा लावून दिला. हे बोलणे नवे नव्हते. मी नोकरीला लागल्यापासून आम्ही ते थोड्याफार फरकाने बोलत आलो होतो, आणि त्याचा शेवट ठरलेला होता. तो तिने त्या दिवशीही केला. "तुझं सगळं नीट मार्गी लागू दे. मग बसतेच घरी." तुझं सगळं. त्या दोन शब्दांत काय काय मोडत होते ते मी कधी विचारले नाही. विचारले असते तर ते संपवण्याची जबाबदारी माझ्यावर आली असती.

मी गॅलरीत आले. आमच्या उपनगराला सकाळी दोनदा जाग येते. पहिली अंधारातच, लांबच्या कामांना जाणाऱ्यांची. ती मी पाहिलेली नाही, फक्त झोपेत जिन्यातले बुटांचे आवाज ऐकलेले आहेत. दुसरी उजाडल्यावर, आणि ती जवळजवळ सगळी बायकांची असते. घर, मुले, अंथरुणावरचे सासरे असे काहीतरी मागे टाकून फार दूर जाता येत नाही, म्हणून हाकेच्या अंतरावरची कामे धरलेल्या बायका. प्रसूतिगृहातली नर्स रात्रपाळी संपवून उलट दिशेने येत असते, सगळ्या आंघोळ करून निघालेल्यांत ती एकटीच चुरगळलेली. पेट्रोल पंपावरची टोपी हातात धरूनच धावते, कारण टोपी घातली की केस बसतात. पार्लरवाली शटर अर्धेच वर करून वाकून आत शिरते. आणि पाणीपट्टीच्या खिडकीवर बसणारी, जिच्यासमोर भल्याभल्यांची बोबडी वळते, ती कोपऱ्यावर उभी राहून घाईघाईने केळे खाते. आई त्यांच्यातून हळूहळू जात होती. प्रत्येकीपाशी ती क्षणभर थांबे, पुढे जाई, पुन्हा थांबे. वरून शब्द ऐकू येत नव्हते. मला वाटले, कंबर दुखते म्हणून थांबते आहे. मी एकेक थांबा मोजत होते, आणि ती वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा मी आत येऊन चहा पुन्हा गरम केला आणि तो न पिताच ओतून दिला. एवढेच. तो दिवस लक्षात राहण्याजोगा नव्हता. लक्षात ठेवायचा आहे हे कोणी सांगितले असते तर मी निदान तिने कोणती साडी नेसली होती ते पाहिले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी केसांना पिन लावता लावता ती म्हणाली, "थांब जरा," आणि पलंगाच्या कडेला बसली. मी थांबले. डॉक्टर आले तेव्हाही पिन तिच्या बोटांतच होती. "काही त्रास झाला नाही त्यांना," डॉक्टर म्हणाले, आणि मला सुटल्यासारखे वाटले. ते मी कोणाला सांगितले नाही. आजारपण नाही, दवाखान्याच्या खेपा नाहीत, कोणाकडून तोंड पुसून घेणे नाही. पण या सुटकेच्या आत दुसरे काहीतरी होते आणि ते टोचत होते. मी इतकी वर्षे मनातल्या मनात तिच्या म्हातारपणाची तयारी करत आले होते. ती एकदा घरी बसेल, अंथरूण धरेल, आणि मग मी रात्रीचा दिवस करून सगळे फेडीन. तिने फेडायला जागाच ठेवली नाही. केसांना पिन लावत लावत निघून गेली. मी पुष्कळ वाचले आहे. पुस्तकांत आया मरतात आणि मुली खिडकीशी उभ्या राहून काय काय आठवतात ते मला पाठ आहे. पण ज्याचे देणे आहे तोच उठून गेला तर हातात उरलेल्याचे काय करायचे, हे मला कुठल्या पानावर सापडले नव्हते.

मग माणसे यायला लागली. मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, येऊन राहिली होती आणि येणाऱ्या प्रत्येकीला तेच सांगत होती. "झिजली गं बाई. चंदनासारखी झिजली पोरीसाठी." बायका माना हलवत आणि मग सगळ्यांची नजर एकदम माझ्याकडे वळे. त्यात राग नसे, उलट माया असे, पण मला त्या नजरेखाली बसवत नसे. चंदन हवेत झिजत नाही. त्याला सहाण लागते. ती सहाण म्हणजे मी. लहानपणापासून मी तो दगडाचा थंडपणा अंगावर वागवत आले आहे. वडील गेले तेव्हा मी शाळेत होते आणि आईला काम धरावेच लागले, यात खोटे काही नाही. पण पुढे मी मिळवू लागले, घराचे सगळे कर्ज फिटले, तरी ती जातच राहिली, आणि तिच्या जाण्याला माझ्याखेरीज कारण दिसेना. नवे बूट घेतले की तिच्या कष्टांपुढे लाज वाटून मी ते दारातच काढून हातात घेत असे. एकदा दुसऱ्या शहरात मला चांगली जागा मिळत होती. मी म्हटले, चल, दोघी जाऊ, तुझे काम सुटेल. ती म्हणाली, "तू जा. माझे हातपाय चालतायत तोवर मी इथं करते थोडं." म्हणजे मी जायचे आणि तिने मागे राहून झिजायचे. मी गेले नाही. मावशी म्हणाली, "बघा, पोरगीही तशीच. आईला सोडून गेली नाही." आम्ही दोघी एकमेकींसाठी थांबलो होतो अशी ती गोष्ट झाली. सगळ्यांना आवडली. मला रात्री दात आवळून झोपायची सवय लागली होती. सकाळी जबडा दुखे आणि वाटे, आई असती तर बघूनच सांगितले असते.

लॅबच्या मॅडमचा फोन आला तो मावशी परत गेल्यावर. "तुमच्या आईंची पिशवी आहे, चष्मा आहे, चपलांचा एक जोड आहे. आणि..." "आणि काय?" "एक काम अडलंय. या तर खरं." लॅब औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. मी कधी वर गेले नव्हते. लहानपणी खालीच उभी राहून हाक मारत असे आणि आई खिडकीतून किल्ली टाकत असे. जिन्यात मेणाचा आणि जळत्या स्पिरिटचा वास होता, आईच्या पदराला येणारा. तो इतक्या जवळून आला की मी कठडा धरला. आणि वळणावर पाय टाकते तोच वरून आईचा आवाज ऐकू आला. "पंखा बंद करा रे कोणीतरी! माझे दात गारठले!" बायका हसल्या. मग हसणे मध्येच तुटले आणि कोणीतरी नाक शिंकरले. मी पायरीवर बसले. आवाज आईचाच होता, पण आईने तो घरात कधी काढला नव्हता. वरच्या पट्टीतला, एखाद्या चिडक्या म्हाताऱ्याचे सोंग घेतलेला, अगदी मजेत असलेला आवाज. मला भीती वाटली नाही, हे मला नीट आठवते. मला हेवा वाटला.

आत तिघी होत्या. मॅडम दाराशी आल्या. त्यांच्यामागे एक जाड बाई, हात कोपरापर्यंत प्लास्टरने पांढरे, आणि पॉलिशच्या मशीनपाशी एक किडकिडीत, पदराने डोळे पुसणारी. हीच आवाज काढत होती, हे मला लगेच कळले, कारण ती माझ्याकडे चोरी पकडल्यासारखी बघत होती. खिडकीजवळ एक रिकामी खुर्ची होती.

"तू का ती?" प्लास्टरवाली म्हणाली.

"ती म्हणजे?"

"काकूंना कामाला जुंपणारी."

"अगं, आज तरी," मॅडम पुटपुटल्या.

"आज नाही तर कधी बोलू? परत थोडीच येणारे ही इथं." तिने हात ॲप्रनला पुसले. "कंबर धरायची, पायाला गोळे यायचे. आम्ही म्हणायचो, काकू, बसा आता घरी. तर म्हणायच्या, मी बसेन गं, पण पोरगी बसू देते का? म्हणते, घरात बसून माझं डोकं खाऊ नकोस. चांगली शिकलेली ना तू? ग्रंथालयात काय करतेस, पुस्तकं मोजतेस नुसती?"

"मी?" मी म्हणाले.

"मीही सांगून पाहिलं होतं," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, जणू माझी बाजू जराशी सावरत. "काकू, वाटेल तेव्हा या, फक्त नव्या मुलींना शिकवा. तर रडायच्याच बाकी राहिल्या. म्हणाल्या, मुलगी घरात घेणार नाही."

"आणि सुट्टीच्या दिवशी!" पॉलिशवालीला आता धीर आला होता. "रविवारी लॅब बंद असते. मी एकटी झाडायला येते. तर या आपल्या दारात हजर. काय काकू? तर, पोरीनं हाकललं. मग मी झाडतेय आणि या खिडकीत बसून रस्त्यावरच्या एकेकीची नक्कल करतायत. ती पाणीपट्टीवाली केळं कसं खाते, पंपावरची टोपी कशी सांभाळते. आणि त्या बायकांना तोंडावर करून दाखवायच्या हां. मागून नाही कधी."

रविवारी ती मला 'अर्जंट काम आहे' असे सांगून निघत असे. मी बोलायला तोंड उघडले. खरे सांगायला दोन वाक्ये पुरली असती. मी तिला रोज अडवत होते. ती घरी म्हणत होती, लॅब सोडत नाही, आणि लॅबमध्ये म्हणत होती, मुलगी सोडत नाही. दोन्हीकडे तिने एकेक राक्षस उभा केला होता आणि त्या दोघांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेने ती रोज सकाळी, कंबर धरून, या खुर्चीपर्यंत येत होती. मी खुर्चीकडे पाहिले. बसून बसून गादी एका बाजूला दबली होती. समोर खिडकी, खिडकीत सगळा रस्ता. टेबलावर स्पिरिटचा छोटा दिवा, मेण कापायची सुरी, आणि चिकटपट्टीने लावलेला एक आरसा, त्यात बघून ती तोंडे वेडीवाकडी करत असणार. माझी आई. गॅलरीतून दिसणारे ते थांबणे मला आठवले, नर्सपाशी, पार्लरवालीपाशी. मी वरून दुखणे मोजत होते आणि खाली ती त्या बायकांना हसवत होती. माझ्या छातीत काहीतरी निसटले. वजन जावे तसे. आधी वाटले की आता रडू येणार, पण आले ते हसू. मोठे, लाज आणणारे हसू, ते थांबेना. ती झिजत नव्हती. ती पळून येत होती. माझ्यापासून, माझ्या काळजीपासून, सगळे फेडून टाकायला निघालेल्या माझ्या त्या रोजच्या चेहऱ्यापासून. आणि असे पळून यायला तिला एक जागा होती, हे केवढे बरे झाले. चंदन नाही, सहाण नाही. एक बाई कामावर जात होती, कारण तिला तिथे बरे वाटत होते. एवढी साधी गोष्ट माझ्यापासून लपवायला तिला इतका खटाटोप करावा लागला, याचे मला वाईटही वाटले, पण ते नंतर, घरी गेल्यावर. तिथे उभे असताना नाही.

तिघी माझ्याकडे बघत होत्या. मी डोळे पुसले आणि म्हणाले, "हो. फार ढकलायचे मी तिला."

"बघा, कबूल तरी करते," प्लास्टरवाली म्हणाली, आणि तिचा सगळा राग एकदम ओसरला. तिने स्टूल पुढे सरकवले. "बस. आम्ही तुला नावं ठेवायचो, खोटं कशाला बोलू."

"काय नावं?"

"मुकादम," पॉलिशवाली म्हणाली आणि जीभ चावली. "काकूंनीच ठेवलेलं. 'निघते गं, उशीर झाला तर मुकादम ओरडेल.'"

मी पुन्हा हसले. चहा आला. कपाला मेणाचा वास होता. मी तो सगळा प्याले. मग मॅडमनी पाण्याने भरलेली एक प्लास्टिकची डबी माझ्यासमोर ठेवली. आत कवळी होती, गुलाबी, चकचकीत, वरची आणि खालची. "काकूंनी बसवलेली शेवटची," त्या म्हणाल्या. आईने मेणात दात बसवून दिले होते, दंतवैद्यांनी ते त्या माणसाच्या तोंडात घालून पाहिले होते, पसंत केले होते. पुढचे काम, मेणाच्या जागी पक्का माल भरून शिजवायचे आणि घासायचे, या दोघींनी केले होते. कवळी तयार होती. पण डबी बंद होत नव्हती.

त्यांची एक रीत होती, ती आईनेच पाडलेली. नवी कवळी घातली की दंतवैद्य माणसाला आकडे म्हणायला लावतात, जीभ अडखळते का बघायला. आई म्हणे, आकडे म्हणून कोणाचे भले झाले आहे? माणूस घरी जाऊन काही आकडे बोलणार नाही. म्हणून लॅबमधून जायच्या आधी प्रत्येक कवळीच्या तोंडून एक वाक्य बोलायचे. दंतवैद्यांनी पाठवलेल्या चिठ्ठीवर बाई की पुरुष आणि वय एवढेच असे, तेवढ्यावर आई त्या कवळीला आवाज द्यायची. एका निवृत्त साहेबांची कवळी म्हणाली होती, "मी आधीच सांगितलं होतं!" एका आजींची म्हणाली होती, "सूनबाई, मला ऐकू येतं बरं का." आणि वाक्य बोलल्याशिवाय डबीला झाकण लागत नसे. आज सकाळपासून पॉलिशवाली प्रयत्न करत होती. मी जिन्यात ऐकला तो तिसरा का चौथा.

"माझ्याच्यानं होत नाही," ती म्हणाली. "आवाज निघतो काकूंचा, पण मग पुढं..."

"आणि ते म्हातारबुवा पातळ पिऊन बसलेत," प्लास्टरवाली म्हणाली. "डॉक्टरांचे फोनावर फोन. तेव्हा म्हटलं, मुकादमाला बोलवा. आता मुकादमच काय ते बोलेल."

"मला आवाज काढता येत नाहीत," मी म्हणाले.

"नको काढूस. तुझ्या आवाजात बोल. पण बोल काहीतरी, झाकण तरी लागू दे."

मी कवळी पाण्यातून बाहेर काढली. ती अपेक्षेपेक्षा हलकी होती, गार, तळहातावर निथळत होती. मी आईला कधी काम करताना पाहिले नव्हते आणि आता तिचे काम माझ्या हातात होते, दुसऱ्याच्या तोंडात जायला निघालेले. दात मी नीट पाहिले. घोड्याचे नव्हते, माणसाचे होते, आणि एक जरासा शेजारच्यावर चढलेला, खऱ्या दातांसारखा. कोण म्हातारा असेल हा, काय बोलत असेल, मी डोक्यात जुळवू लागले, आणि काहीच जुळेना. त्याला उद्यापासून जे बोलायचे ते तो बोलेल. त्याला माझी गरज नव्हती. मशीन बंद होते, पंखा बंद होता, तिघी वाट बघत होत्या, आणि खिडकीतून खाली कोणी कोणाला तरी हाक मारत होते. या बायकांना वाटत होते की मी रोज सकाळी दारात उभी राहून आईला एक वाक्य सुनावत होते. त्यावरून त्या माझ्यावर चिडत होत्या, मला नावे ठेवत होत्या. आणि ते वाक्य मी उभ्या जन्मात एकदाही म्हटले नव्हते. म्हटले असते तर तिला खोटे बोलावे लागले नसते. मी घसा साफ केला. आवाज माझाच निघाला, जरा चढा, दारातून जिन्यात ऐकू जाईल असा.

"जा गं आई. घरात बसून राहू नकोस. कामाला जा."